तडीपारीआधीची नोटीस : एलिस बेटावरच्या एका निकालाचे वाचन

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. प्रवासभर या माणसांच्या हातापायांत बेड्या होत्या हे कळल्यावर आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः बेड्यांची. आमच्या वाचक मंडळाच्या बैठकीतही विषय निघाला. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद म्हणाले, "बाई, बेड्या घालायला नको होत्या हे मान्य. पण कायदा मोडून घुसलेल्या माणसाला परत पाठवायला सुनावणी कशाला हवी? चोराला कुणी विचारतं का, तुझं म्हणणं काय म्हणून?"

"चोराला तर विचारतातच," मी म्हटले. सगळे हसले आणि चहा आला. पण प्रश्न काही मनातून गेला नाही. तो विचारणारा माणूस दुष्ट नव्हता, आणि बैठकीतल्या निम्म्या लोकांच्या मनात तेच होते.

घरी आल्यावर आधी आठवला तो आपल्याच भाषेतला एक शब्द : तडीपार. तड म्हणजे काठ, कड. माणसाला त्या काठापलीकडे घालवून देणे ती तडीपारी. वर्तमानपत्रात हा शब्द रोज दिसतो. अमुक गुंड दोन जिल्ह्यांतून तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या ५५ ते ५७ या कलमांखाली हे आदेश निघतात आणि त्यांची मुदत दोन वर्षांपलीकडे जात नाही. पण त्याच कायद्याचे ५९ वे कलम फारसे कुणाला ठाऊक नसते. आदेश काढण्यापूर्वी त्या माणसाला त्याच्यावरच्या आरोपांचे साधारण स्वरूप लेखी कळवले पाहिजे, खुलासा करण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, त्याला साक्षीदार आणता आले पाहिजेत आणि वकिलामार्फत हजर राहता आले पाहिजे. गल्लीतल्या दादाला शेजारच्या जिल्ह्यात दोन वर्षे पाठवायचे तर एवढे करावे लागते. मग माणसाला समुद्रापलीकडे, कायमचे, बायकोमुलांपासून तोडून पाठवायचे असेल तर किती करावे लागेल?

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. मराठीची प्राध्यापक म्हणून आयुष्य कथा-कादंबऱ्या वाचण्यात आणि शिकवण्यात गेले. म्हणून मी या प्रश्नाकडे मला जमते त्याच वाटेने गेले : काही न्यायनिर्णय संहिता म्हणून वाचले. कोण बोलतो, कोणाला बोलू दिले जात नाही, कोणता शब्द काय झाकतो, हे पाहिले. त्यातला मध्यवर्ती निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, १६ मार्च १९५३ चा, इग्नात्स मेझेई या सुताराच्या प्रकरणातला.

मेझेई १९२३ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात राहत होता. तिथेच त्याने पंचवीस वर्षे लाकूडकाम केले, घर केले. नागरिकत्व मात्र घेतले नव्हते. १९४८ मध्ये रुमानियातली आई मरणपंथाला लागल्याचे कळून तो निघाला. रुमानियाने त्याला आत घेतले नाही. हंगेरीत तो सुमारे १९ महिने अडकला. मग बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीने दिलेला व्हिसा घेऊन फेब्रुवारी १९५० मध्ये तो न्यूयॉर्कच्या बंदरात आला, आणि एलिस बेटावर त्याला अडवण्यात आले. अमेरिकेच्या न्यायखात्याचा प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, याने गोपनीय माहितीच्या आधारे त्याला कायमचा प्रवेश नाकारला. माहिती काय, ते सांगितले नाही. सुनावणी दिली नाही. त्याला बोटीने फ्रान्सला आणि ब्रिटनला पाठवून पाहिले; दोघांनी परत धाडले. हंगेरी नको म्हणाली. लॅटिन अमेरिकेतल्या डझनभर देशांनी त्याचे अर्ज फेटाळले. खालच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाने सरकारला विचारले, निदान मला बंद दाराआड तरी पुरावा दाखवा. सरकारने त्यालाही नकार दिला. तेव्हा त्या न्यायाधीशाने, बेटावर २१ महिने काढलेल्या मेझेईला जामिनावर सोडले. सरकार वर गेले आणि सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकले.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहिला आहे. गद्य म्हणून तो नीटनेटका आहे. कुठे आवाज चढत नाही. त्याचा सारा डोलारा मात्र एका कल्पितावर उभा आहे. देशाच्या उंबरठ्याच्या आत आलेल्या माणसाला, तो चोरून आला असला तरी, रीतसर प्रक्रियेशिवाय घालवता येत नाही, हे निकाल मान्य करतो. पण जो उंबरठ्यावर आहे त्याला काँग्रेसने ठरवलेली प्रक्रिया मिळेल, आणि ती जी असेल तीच पुरेशी. मेझेई एलिस बेटावर आहे. बेट न्यूयॉर्कच्या बंदरात आहे. तरीही कायद्याच्या लेखी तो अजून अमेरिकेत आलेलाच नाही. पंचवीस वर्षांचा त्याचा संसार परवानगीशिवाय केलेल्या लांबच्या गैरहजेरीने पुसला गेला, आणि तो नवखा ठरला.

कल्पित हा माझ्या धंद्यातला शब्द आहे, म्हणून इथे थांबते. कायद्याला कल्पिते लागतात. दत्तक मुलाला पोटचा मानणे हे कल्पितच आहे आणि ते माणसाच्या भल्याचे आहे. कल्पिताची परीक्षा ते खोटे आहे की नाही यावर होत नाही, ते काय करते यावर होते. इथले कल्पित असे काही करते की चोरून किनाऱ्याला लागलेल्याला सुनावणी मिळते, आणि रीतसर व्हिसा घेऊन समोरच्या दाराशी आलेल्याला मिळत नाही. निकालातला दुसरा शब्द मला त्याहून खटकला. माणसाला बेटावर ठेवून घेणे याला तिथे तात्पुरत्या आसऱ्याचे रूप दिले आहे, कायद्याने केलेली मेहेरबानी. दाराला बाहेरून कुलूप असलेल्या जागेला आसरा म्हटले की तिथल्या माणसाची तक्रार कृतघ्नपणाची वाटू लागते. शब्द इथे हेच काम करतो.

न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे विरोधी मत याच शब्दांना भिडते. त्यांच्याबरोबर फेलिक्स फ्रँकफर्टर यांची सही आहे. (ह्यूगो ब्लॅक आणि विल्यम डग्लस यांनी वेगळे विरोधी मत दिले.) जॅक्सन भाबडे उदारमतवादी नव्हते. ते स्वतः पूर्वी ॲटर्नी जनरल होते आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता. हेरगिरी, घातपात, गुप्त माहिती यांतले त्यांना बहुमतातल्या कुणाइतकेच कळत होते. सरकारचा युक्तिवाद होता की मेझेई कैदेत नाही, तो वाटेल तेव्हा जाऊ शकतो, फक्त अमेरिकेच्या दिशेने नाही. जॅक्सन यावर एवढेच म्हणतात की तो उभयचर असता तर याला स्वातंत्र्य म्हणता आले असते. पुढे ते आश्चर्य व्यक्त करतात की आयुष्यभर कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या या माणसाची सरकारने अशी धास्ती घेतली की त्याला का घाबरतो हेही सांगायची भीती वाटावी. हा उपहास नुसता शोभेचा नाही. बहुमताच्या गद्यात मेझेई हा 'परकीय' या वर्गातला एक नमुना आहे. जॅक्सन यांच्या वाक्यांत तो पुन्हा पाण्याने वेढलेला एक सुतार होतो.

त्याच मतात त्यांनी मांडलेला विचार पुढे पुष्कळ गाजला. कडक कायदा न्याय्य आणि निःपक्षपाती रीतीने लावला तर सोसता येतो. निवड करायचीच झाली, तर सोव्हिएत कायदा आपल्या न्यायपद्धतीने लावलेला परवडेल, आपला कायदा सोव्हिएत पद्धतीने लावलेला नको, असा त्याचा आशय. मला हे विधान पूर्ण पटत नाही. वाईट कायदा चांगल्या पद्धतीने राबवला तरी माणूस भरडतोच. १८९२ च्या गिअरी कायद्याने अमेरिकेतल्या चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला जवळ बाळगणे सक्तीचे केले. दाखला का घेता आला नाही हे पटवायला, आणि आपण आधीपासून इथेच राहतो हे सिद्ध करायला, निदान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणावा लागे. न्यायाधीशासमोर सुनावणी होतीच. पण ती कोणाच्या तोंडून ऐकायची हे कायद्याने आधीच ठरवले होते. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि हद्दपारी ही शिक्षाच नव्हे असे म्हटले. त्या एका वाक्याची सावली आजवर आहे. शिक्षा नाही म्हणून खटला फौजदारी नाही, आणि फौजदारी नाही म्हणून ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चाने वकील नाही. तेव्हा नुसती पद्धत पुरत नाही. पण पद्धत नसली की काय होते, याबाबत जॅक्सन बरोबर ठरले, आणि ते निकालानंतर सिद्ध झाले.

मेझेईला एप्रिल १९५३ मध्ये बेटावर परत जावे लागले. पुढे १९५४ मध्ये सरकारने स्वतःहून त्याची एका मंडळापुढे सुनावणी घेतली. देशाला ज्याची एवढी भीती होती ते तेव्हा बाहेर आले. तो हंगेरियन कामगारांच्या एका डाव्या विमा-सहायक संघटनेच्या शाखेचा पदाधिकारी होता. आणि १९३५ मध्ये चोरीच्या पिठाची पोती घेतल्याबद्दल त्याला किरकोळ दंड झाला होता. मंडळाचा निर्णय त्याच्या विरुद्धच गेला. पण त्याच वर्षी ॲटर्नी जनरलने त्याला बफेलोला जाऊ दिले. दोन खेपा मिळून तीन वर्षांहून अधिक काळ बेटावर काढल्यानंतर.

एलन नॉफ यांची हकीकत याच्या आधीची. जर्मनीत जन्मलेल्या, ब्रिटनमध्ये आश्रय घेतलेल्या आणि युद्धकाळात तिथल्या हवाई दलात काम केलेल्या या बाई. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या नवऱ्याच्या देशात ऑगस्ट १९४८ मध्ये आल्या आणि एलिस बेटावर अडकल्या. त्यांनाही गुप्त माहिती, त्यांनाही सुनावणी नाही. जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या ४ विरुद्ध ३ मतांनी हरल्या. त्या निकालात टॉम क्लार्क सहभागी नव्हते, कारण नॉफ यांना प्रवेश नाकारला तेव्हा ॲटर्नी जनरल तेच होते. तीनच वर्षांनी मेझेईचा निकाल मात्र त्यांनीच लिहिला. पुढे वर्तमानपत्रांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवल्यावर १९५१ मध्ये नॉफ यांची सुनावणी झाली. त्यांच्याविरुद्धचा पुरावा ऐकीव निघाला, अपील मंडळाने तो पुरेसा मानला नाही आणि त्या आत आल्या. १९५२ मध्ये त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले.

दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. सुनावणी झाली तेव्हाच माहितीची किंमत कळली. तोवर ती माहिती कुलपात होती म्हणूनच भारी वाटत होती. आमच्या सभासदांचा प्रश्न धरून चालतो की माणूस दोषी आहे हे आधी माहीत असते आणि सुनावणी हा त्यानंतरचा उपचार असतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे.

हे फक्त परक्यांपुरते असते तरी पुरे होते. पण ते तिथे थांबत नाही. १९०५ मध्ये अमेरिकेत जन्मल्याचे सांगणाऱ्या एका चिनी वंशाच्या माणसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. 'मी परका नाहीच, मी नागरिक आहे,' एवढेच त्याचे म्हणणे. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितले की बंदरावरच्या अधिकारीवर्गाने हा दावा फेटाळला की तो अंतिम. म्हणजे जो नागरिक असेल त्यालाही आपण नागरिक आहोत हे न्यायालयात सांगता येणार नव्हते. १९२२ मध्ये न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी देशात राहणाऱ्यांपुरती ही चूक दुरुस्त केली : नागरिकत्वाचा दावा करणाऱ्याला न्यायालयासमोर उभे राहता आले पाहिजे, कारण हद्दपारीत माणसाचे घरदारच नव्हे, जगण्याला अर्थ देणारे सगळेच जाऊ शकते. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला या विषयाचे मर्म कळले. सुनावणी ही परक्यावर केलेली कृपा नाही. आपला कोण आणि परका कोण हे ठरवण्याचा तो एकमेव मार्ग आहे. परक्याची सुनावणी बंद केली की पहिला फटका कोणाला बसेल हे आधी सांगता येत नाही, कारण ते सांगणारी जागाच आपण बंद केलेली असते.

२०२५ साली हा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयासमोर आला. मार्चमध्ये, १७९८ च्या परकीय शत्रू कायद्याचाही आधार घेऊन, दोनशेहून अधिक माणसांना विमानांनी एल साल्वाडोरच्या तुरुंगात पोचवण्यात आले. ७ एप्रिलला न्यायालयाने ठरवले की या कायद्याखाली पाठवण्यापूर्वी माणसाला दाद मागता येईल इतक्या वेळ आधी नोटीस दिली पाहिजे. दाद कुठल्या न्यायालयात मागायची यावर न्यायमूर्तींचे मतभेद होते, नोटिशीवर नव्हते. १६ मे रोजी त्यांनी आणखी स्पष्ट केले की दाद कशी मागायची हे न सांगता दिलेली २४ तासांची नोटीस पुरेशी नाही. मेरीलँडमधल्या ज्या माणसाला एल साल्वाडोरला पाठवू नये असा २०१९ चा आदेश होता, तोही मार्चमधल्या विमानात होता. सरकारनेच ती प्रशासकीय चूक असल्याचे कबूल केले, पण आता तो आपल्या ताब्यात नाही असे म्हटले. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी त्या युक्तिवादातला धोका नेमका दाखवला : न्यायालय आड येण्याआधी विमान उडाले की हिशेब मिटला असे मानले, तर उद्या नागरिकालाही तसेच नेता येईल. जूनमध्ये त्या माणसाला परत आणले आणि त्याच्यावर वेगळे फौजदारी आरोप ठेवले. ठेवू देत. ते आरोप निदान न्यायालयात मांडावे तरी लागतात.

आता घरी यायला हवे, आणि वाट फ्रँकफर्टर यांच्याकडूनच जाते. मेझेई प्रकरणात विरोधी मतावर सही करणाऱ्या याच न्यायमूर्तींना १९४७ मध्ये आपल्या संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव भेटले होते. 'ड्यू प्रोसेस' हे शब्द न्यायाधीशांच्या हाती लोकनियुक्त विधिमंडळावर फार सत्ता देतात, असा फ्रँकफर्टर यांचा सल्ला होता. आपल्या मसुद्यातून ते शब्द गेले आणि 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. डिसेंबर १९४८ मध्ये या विषयावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी आपण दोन संकटांच्या मध्ये सापडल्याचे सांगून निर्णय सभेवर सोपवला. पण ती उणीव त्यांना बोचत राहिली. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी आणलेले कलम, आजचे २२ वे, त्याची भरपाई म्हणून होते : अटकेची कारणे सांगा, वकील करू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. २१ आणि २२ या दोन्ही कलमांत शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. पुढे १९७८ च्या मनेका गांधी निकालाने ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असेही सांगितले. दुसरीकडे १९५५ पासून आपले न्यायालय परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध मानत आले आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी राहू शकतात, पण समोरचा परकीयच आहे हे रीतसर ठरले असेल तरच.

आणि तिथेच गाडे अडते. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात मजुरीला आलेल्या पश्चिम बंगालमधल्या काहींना बांगलादेशी समजून सीमेपार ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' म्हणतात ते हेच. १९०५ सालचा तो माणूस आणि हे मजूर यांच्यात १२० वर्षांचे आणि एका महासागराचे अंतर आहे. म्हणणे मात्र एकच : मी इथलाच आहे, माझे ऐका.

आसाममध्ये ऐकायला न्यायाधिकरणे आहेत. पण १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार माणसावरच टाकला, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही तो तसाच राहिला. ३१ ऑगस्ट २०१९ च्या नागरिक नोंदणीच्या यादीबाहेर १९,०६,६५७ माणसे राहिली. पुरात घर गेलेल्याने बापाच्या नावाचा जुना कागद कुठून आणायचा? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काहीही आधार नसताना कुणालाही परका म्हणता येणार नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखांतल्या किरकोळ फरकांवरून तसे ठरवता येणार नाही. भारही कुठेतरी वाटून घ्यावा लागतो, नाहीतर सुनावणीची खोली असते आणि ऐकणे होत नाही. गोऱ्या साक्षीदाराची अट आठवते ती इथे.

पुढच्या बैठकीत मी हे सारे थोडक्यात सांगितले. सभासद शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "पण बाई, लाखो लोक असतात. प्रत्येकाला सुनावणी द्यायची तर किती वर्षं लागतील?" हा प्रश्न खरा आहे. अमेरिकेच्या स्थलांतर न्यायालयांत ३० लाखांहून अधिक प्रकरणे पडून आहेत. त्यावर उपाय अधिक न्यायाधीश नेमण्याचा आहे, आणि प्रत्येक सुनावणी लांबलचक असायला हवी असेही नाही. तडीपारीच्या ५९ व्या कलमात जे आहे तेवढे पुरे : आरोप काय ते लेखी सांगा, बोलायला वाजवी वेळ द्या, साक्षीदार आणि वकील आणू द्या. मेझेईला जी वर्षे गेली ती सुनावणीत गेली नाहीत, सुनावणी टाळण्यात गेली.

ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "पिठाची पोती?"

"हो," मी म्हटले. "आणि ती होती हेसुद्धा विचारलं तेव्हाच कळलं."